सात महिन्यांचे युनिट एकाच बिलात, आणि सोमवारी फ्यूज काढण्याची धमकी

ताई, नमस्कार.

तुमचे पत्र आणि जोडलेली बिले वाचली. इतर वाचकांना कळावे म्हणून तुमची अडचण आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही बेळगावात खासबागेत भाड्याने राहता, घरातच ब्लाऊज शिवता, फॉल-पिको करता. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे तुमचे बिल शून्य येत होते. मधे मीटरचा डिस्प्ले गेला. रीडर सात महिने सरासरी टाकून शून्याचेच बिल देत राहिला. मग मीटर बदलला आणि लगेच १०३६ युनिटचे ७,१४० रुपयांचे बिल हातात पडले. लाईनमन सांगून गेला की सोमवारपर्यंत भरा, नाहीतर फ्यूज काढून नेणार. शिवाय घरात शिलाई चालते म्हणून कमर्शियलची केस होईल. घरमालकांचे म्हणणे, भरा नाहीतर खोली सोडा.

सोमवारची भीती आधी मनातून काढून टाका. वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी जोडणी तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दारात उभे राहून तोंडी सांगणे म्हणजे नोटीस नव्हे. तुम्हाला असा कागद मिळालेला नाही. त्याच कलमात पुढे एक तरतूद आहे, ती तर तुमच्यासारख्यांसाठीच आहे असे मला वाटते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमची सहा महिन्यांची बिले शून्याची आहेत, त्यामुळे अक्षरशः पाहिले तर ही सरासरीही शून्यच येते. तरीही काही रक्कम भरा असे मी सांगणार आहे. का, ते पुढे येईल.

आता बिलाकडे वळू. बिल कन्नडमध्ये आहे म्हणून तुम्ही बाजूला ठेवलेत, पण अंक वाचता येतात आणि आपले काम अंकांवरच भागते. मागचे रीडिंग, आताचे रीडिंग आणि या दोहोंतला फरक म्हणजे युनिट. गृहज्योती जुलै २०२३ च्या वापरापासून लागू झाली. "२०० युनिट फुकट" असे सगळेच म्हणतात, पण प्रत्येक घराला सरसकट २०० मिळत नाहीत. २०२२-२३ मधल्या तुमच्या मासिक सरासरीवर थोडी वाढ धरून तुमचा हक्काचा आकडा ठरतो. तुमची सरासरी १०० होती, म्हणून तुमचा हक्क ११० युनिटांचा. वापर ११० च्या वर पण २०० च्या आत राहिला तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचे सगळे बिल तुमच्या माथी.

घोळ इथेच झाला आहे. १०३६ युनिट सात महिन्यांचे आहेत. सातने भागा, महिन्याला १४८ येतात. म्हणजे सरासरीने पाहता तुम्ही २०० च्या बरेच आत आहात. पण सगळे युनिट एकाच महिन्याच्या खात्यात टाकल्यामुळे संगणकाने तुम्हाला २०० च्या पलीकडे ढकलले आणि सातही महिन्यांची सवलत एका फटक्यात गेली. खरा हिशेब असा: १४८ मधून हक्काचे ११० वजा, राहिले ३८. सात महिन्यांचे २६६ युनिट. तुमच्या बिलात सगळे आकार धरून युनिटमागे सात रुपयांच्या आत पडतात, त्या हिशेबाने रक्कम अठराशेच्या आसपास येते. स्थिर आकारामुळे थोडा फरक पडेल, पण सात हजार एकशे चाळीस कुठे आणि अठराशे कुठे!

दुसरा प्रश्न त्याहून टोकदार आहे, तो लेखी विचाराच. डिस्प्ले बंद होता तर १०३६ हा आकडा आला कुठून? बंद मीटरमधला डेटा प्रयोगशाळेत काढता येतो, हे खरे. मग तो अहवाल तुम्हाला दाखवला पाहिजे, महिनावार आकड्यांसकट. अहवाल नसेल तर हा आकडा अंदाजाचा ठरतो, आणि अंदाजावर तुमची सवलत कशी काढून घेतली याचे उत्तर कंपनीला द्यावे लागेल. केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियम, २०२० नुसार अंदाजाची बिले एका आर्थिक वर्षात दोनाहून जास्त देता येत नाहीत. इथे सात महिने दिली. मीटर चालू ठेवणे हे वीज कंपनीचे काम, त्यातल्या दिरंगाईचा भुर्दंड तुम्ही का सोसावा?

दोन वर्षांहून जुनी थकबाकी मागता येत नाही, हा मुदतीचा मुद्दा या बिलावर तुम्हाला कोणी सुचवला आहे. तो इथे लागत नाही, तुमची मागणी सात महिन्यांचीच आहे. अर्जात तो घालू नका, कमकुवत मुद्दा घातला की बळकट मुद्दाही हलका पडतो.

शिलाई मशीनची धास्ती तर पूर्ण सोडा. कर्नाटकच्या वीजदर आदेशात घरगुती दर कोणाला लागतो याची यादी आहे. राहत्या घराचा काही भाग स्वतः राहणाऱ्याने हातमागासाठी, शिवणकामासाठी, सोनारकामासाठी वापरला तरी घर घरगुतीच राहते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वडगाव-शहापूर-खासबाग भागातल्या कितीतरी बायकांना हे माहीत नसल्यामुळे त्या मीटर रीडर आला की मशीनवर चादर टाकतात, तसे करायची काहीच गरज नाही. (यंत्रमागाची गोष्ट वेगळी, त्याला ही सवलत लागू नाही.) उद्या कोणी कलम १२६ चे, म्हणजे विजेच्या अनधिकृत वापराचे, नाव घेतलेच, तर त्यासाठी तात्पुरत्या आकारणीचा लेखी आदेश द्यावा लागतो आणि तुम्हाला हरकत घ्यायची संधी मिळते. ते चोरीचे कलम नव्हे. चोरीचे कलम १३५ वेगळे आहे, आणि तुमच्या पत्रात चोरी म्हणावे असे काहीच नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला, म्हणजे तुमच्या भागातल्या कार्यालयाला, साधा अर्ज द्या. त्यात आर आर नंबर (बिलावरचा वीज जोडणीचा क्रमांक) घाला आणि लिहा: "१०३६ युनिट सात महिन्यांत विभागून दर महिन्याची गृहज्योती सवलत धरून बिल दुरुस्त करावे. जुन्या मीटरचा तपासणी अहवाल द्यावा. माझ्या हिशेबाने निघणाऱ्या रकमेपैकी पाचशे रुपये हरकत नोंदवून भरत आहे, उरलेली रक्कम दुरुस्त बिल आल्यावर हप्त्याने भरेन." पाचशेही जड जात असतील तर तीनशे भरा. कायद्याच्या अक्षराने ते सक्तीचे नाही, पण जेवढी वीज खरोखर वापरली तिचे पैसे तुम्हाला फेडायचे आहेत हे पावतीवर दिसले की पुढे ग्राहक तक्रार मंचासमोर तुमचा शब्द वजनदार होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

अर्ज मराठीत द्यावा की नाही, असे तुम्ही विचारले आहे. घटनेच्या अनुच्छेद ३५० ने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार मांडण्याचा हक्क दिला आहे, मराठीत दिलेला अर्ज नाकारता येणार नाही. तरी माझा सल्ला असा की मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला कारण सापडू नये आणि तुमचा आठवडा वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच.

तिथे काम झाले नाही तर उपविभागाच्या सहायक कार्यकारी अभियंत्याकडे, आणि तिथूनही नाही झाले तर कलम ४२ खाली असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथे वकील लागत नाही. मंचाचाही निकाल पटला नाही तर बेंगळूरला विद्युत लोकपाल आहेत. आर आर नंबर घरमालकाच्या नावावर असला तरी तुम्ही तक्रार करू शकता, कारण जिथे वीज जोडलेली आहे तिथे राहणारा माणूस कायद्याने ग्राहकच ठरतो. गृहज्योतीची नोंदणी तुमच्या आधारवर आहे, तिचा कागद आणि भाडेकरार सोबत ठेवा.

घरमालकांवर रागावू नका. थकबाकी राहिली तर ती त्यांच्या आर आर नंबरवर बसते, त्यांची काळजी रास्त आहे. हाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवा आणि अर्जावर त्यांचीही सही घ्या. सही दिली की ते तुमच्या बाजूने उभे राहतात, आणि कार्यालयातही दोन सह्यांचा अर्ज जास्त गांभीर्याने घेतला जातो.

पुढच्या महिन्यापासून मात्र ३८ युनिटांचा हा फरक कमी करायला हवा, कारण तो खरा आहे. तुमचे मशीन फारसे खात नाही. शंभर वॉटची मोटर दहा तास चालली तर एक युनिट. खरी खाणारी इस्त्री आहे. हजार वॉटची इस्त्री तासभर तापत राहिली की एक युनिट जातो, रोज तास म्हटले तर महिन्याला तीस. एकेक ब्लाऊज झाला की इस्त्री लावण्याऐवजी दिवसाचे सगळे एकत्र उरकले तर पुन्हापुन्हा तापवण्याची वीज वाचते. पाण्याचा रॉड दीड हजार वॉटचा असतो, अर्धा तास लावलात तरी महिन्याला वीस-बावीस युनिट. दर रविवारी नव्या मीटरचे रीडिंग कॅलेंडरवर मांडा. आठवड्याला पंचवीस-सव्वीसच्या आत राहिलात तर महिना ११० च्या आसपासच बसतो. आणि नवा मीटर जास्त पळतो अशी शंका आली तर तक्रार करा. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावून किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा असतो.

सोमवारी लाईनमन आलाच, तर शिक्क्याची प्रत आणि पावती दाखवा. हुज्जत घालू नका, अडवू नका. तरीही फ्यूज काढलाच, तर वेळ लिहून ठेवा, १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी मंचाकडे अर्ज टाका. त्यात पंधरा दिवसांची नोटीस न देता जोडणी तोडली हा मुद्दा सगळ्यात वर लिहा.