नकाशे काढून पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी धुळ्यात भूगोल घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडून अभ्यास करायची पद्धत) वापरून नदीखोऱ्यातलं पाणी आणि पाण्याची प्रत यावर काम करायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, नकाशे काढून पोट भरत नाही. तीन महिन्यांचा महागडा क्लास लावू का?
– एक पालक, साक्री

उत्तर : क्लासचे पैसे तूर्त राहू द्या. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, देहरादूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य आहेत. नोकरी देणारा एवढंच बघतो, की नकाशातली चूक मुलीला पकडता येते का. त्यासाठी तिनं पांझरा नदीला मिळणारा २०-२५ चौरस किलोमीटर पाणलोटाचा एक नाला निवडावा आणि त्याचं काम शेवटपर्यंत न्यावं.

३० मीटरचा डीईएम, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या प्रत्येक चौकटीची उंची देणारा डिजिटल नकाशा, आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणावा. अक्षांश-रेखांशातच ठेवला तर आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये राहते, उतार भलताच निघतो. मग सॉफ्टवेअरमध्ये क्रमानं डीईएममधले खोटे खड्डे भरणं, प्रवाहाची दिशा काढणं आणि प्रवाहाचा संचय, म्हणजे प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचं पाणी येतं ते मोजणं. संचयाचा उंबरठा १००० चौकटी ठेवला, तर ९० हेक्टरांचं पाणी जमल्यावरच ओढा दिसू लागतो. पाणलोटाचा निर्गम बिंदू (जिथून सगळं पाणी बाहेर पडतं ती जागा) ओढ्याच्या रेषेवरून एक चौकट जरी सरकला तरी पाणलोट चिमूटभर येतो; नवशिके इथेच अडतात. तापीकाठच्या सपाट भागात ओढे पट्टीनं आखल्यासारखे समांतर आले तर ते खोटे समजावेत. छोटे बंधारे ३० मीटरच्या डेटात दिसतच नाहीत. ते मोबाइलचा जीपीएस घेऊन, चालत जाऊनच नोंदवावे लागतात.

पुढे कर्व्ह नंबर, म्हणजे माती आणि जमिनीच्या वापरावरून पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते सांगणारा आकडा; तो जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहतं. एका दिवसात ५० मिमी पाऊस पडला, तर ८० नंबरच्या काळ्या मातीच्या शेतातून सुमारे १४ मिमी वाहून जातं, ६० नंबरच्या जंगल-उतारावरून जेमतेम दीड. पाऊस तोच, फरक नऊ-दहा पटींचा. म्हणून तक्त्यातला आकडा तसाच उचलू नये. नाल्याला आलेलं पाणी मोजून तो पडताळावा. पुढे स्वॅटसारखं (खोऱ्यातलं पाणी आणि माती यांचा हिशेब करणारं) संगणकी मॉडेल शिकताना काही वर्षांच्या नोंदींवर ते जुळवायचं आणि न वापरलेल्या वर्षांवर तपासायचं. दोन्हीकडे तीच वर्षं वापरली तर निकालाला अर्थ नाही.

पाण्याच्या प्रतीत बहुतेक जण नायट्रेटची पिण्याच्या पाण्याची मर्यादा, लिटरला ४५ मिलिग्रॅम, एवढंच बघतात. पण नदीत किती गेलं, हे प्रवाहाशिवाय कळत नाही. लिटरला १० मिलिग्रॅम आणि सेकंदाला २ घनमीटर प्रवाह असेल तर तासाला ७२ किलो नायट्रेट वाहून जातं. यातलं बरंचसं मोजक्या पावसाळी दिवसांत जातं, त्यामुळे महिन्याला एक बाटली भरून उपयोग नाही. मोठ्या पावसात, पाणी चढताना नमुने घ्यावेत, बर्फाच्या डब्यात ठेवावेत आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावेत.

नातेवाइकांची काळजी अगदीच चुकीची नाही. नुसते नकाशे काढणाऱ्याला पगार कमी आणि सुरुवातीच्या जागा बऱ्याचदा कंत्राटी. राज्याच्या भूजल यंत्रणेतल्या भूवैज्ञानिकाच्या पदांना भूशास्त्राची पदवी लागते, हेही आत्ताच समजून घ्या. जलविज्ञान आणि थोडं पायथन (संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा) जोडलं, की सल्लागार कंपन्या, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था, नागपूरचं सुदूर संवेदन केंद्र अशी दारं उघडतात. एमएस्सी करायचीच तर जिओइन्फॉर्मेटिक्स घ्यावं, आणि मुलाखतीला या नाल्याचा नकाशा, मोजलेले आकडे आणि मॉडेल कुठे चुकलं त्याचं एक पान सोबत न्यावं.