मॅकार्थीचा रस्ता मँचेस्टरला कुठून गेला?

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडून स्ट्रायकर म्हणून खेळतो. दक्षिण आफ्रिकेचा स्ट्रायकर बेनी मॅकार्थी खेळ थांबवून मँचेस्टर युनायटेडचा कोच झाला, मीही कॉलेज सोडून कोचिंगला लागतो, असं म्हणतो. काय करावं? – एक पालक

उत्तर : मॅकार्थीचा क्रम मुलासमोर सालासकट ठेवा. केपटाऊनच्या हॅनोवर पार्क वस्तीतल्या या मुलाने २००४ मध्ये पोर्तोकडून चॅम्पियन्स लीग जिंकली, दक्षिण आफ्रिकेसाठी ३१ गोल केले. एवढं नाव असूनही २०१३ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने बेल्जियमच्या सिंट-ट्रुइडन क्लबात सहायकाचं काम पत्करलं. मुख्य प्रशिक्षक झाला २०१७ मध्ये, केपटाऊन सिटी क्लबचा. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतला एमटीएन-८ करंडक जिंकून दिला, तरी २०१९ मध्ये पद गेलंच. पुढे २०२०-२१ च्या लीगमध्ये अमाझुलू क्लबला दुसऱ्या क्रमांकावर नेलं. युनायटेडने २०२२ मध्ये घेतलं तेही तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक एरिक टेन हाग यांच्या हाताखाली, मुख्यतः आघाडीच्या खेळाडूंसाठी. २०२५ मध्ये केनियाने राष्ट्रीय संघ सोपवला. निवृत्तीपासून मँचेस्टरपर्यंत नऊ वर्षं गेली.

आपल्याकडची फुटबॉल प्रशिक्षकांची शिडी डी, सी, बी, ए आणि प्रो लायसन्स अशी आहे. महाराष्ट्रातले सुरुवातीचे कोर्स विफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. जागा मोजक्या, त्यामुळे सूचनेवर लक्ष ठेवा. डी झाल्यावर लगेच सीच्या मागे धावू नये. मध्ये हातात एखादा संघ हवा, नाहीतर प्रात्यक्षिकात गाडी अडते.

बहुतेक स्ट्रायकर शिकवायला लागल्यावर घसरतात ते इथेच, प्रत्यक्ष सरावात. स्वतः सुरेख किक मारून दाखवतात. पोरं टाळ्या वाजवतात, शिकत काही नाहीत. शूटिंगचा सराव म्हणजे एका गोलसमोर १५ मुलांची रांग! दर २० सेकंदांना एक किक धरली, तर १५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन येतात, त्याही बचावपटूशिवाय. त्याऐवजी साधारण ३० बाय २० मीटरच्या चौकटीत समोरासमोर दोन गोल लावायचे, तीन विरुद्ध तीन खेळवायचे, बाकीच्यांसाठी शेजारी तशीच दुसरी चौकट आखायची. दीड-दोन मिनिटांचा डाव, मग विश्रांती. चेंडू गोलच्या बाजूला रचून ठेवायचे, म्हणजे बाहेर गेलेल्या चेंडूमागे धावण्यात वेळ जात नाही. आणि एका सत्रात एकच गोष्ट सुधारायची. उदाहरणार्थ, चेंडू येण्याआधी मान वळवून बचावपटू कुठे आहे ते पाहणं. सहा सूचना एकदम दिल्या की मुलगा पाय उचलायलाही बिचकतो.

मुलाला एक वही घालून द्या : तारीख, किती मुलं, काय शिकवायचं होतं, काय जमलं नाही आणि का. पुढच्या कोर्समध्ये ती फार कामाला येते.

कॉलेज मात्र सोडू देऊ नका, हे मी ठामपणे सांगते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायला बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागते आणि त्यासाठी आधी पदवी हवी. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षक डिप्लोमा सरकारी जागांसाठी उपयोगी पडतो. त्यालाही पदवी जवळ असलेली बरी.

खेळणंही विशीत थांबवायचं कारण नाही. कोल्हापूरचा हंगाम पावसाळ्याआधी संपतो. त्यानंतरच्या महिन्यांत डी कोर्सचा अर्ज करावा आणि तालमीच्या १३ वर्षांखालील मुलांचा सराव आठवड्यातून दोन दिवस मागून घ्यावा. पहिल्या वर्षी मानधन मिळेलच असं नाही, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.