वाचकांचे प्रश्न : तपासणारा तोच, पुडी बांधणाराही तोच

प्रश्न : मुलीकडे व्हर्जिनियात गेलो असता विल्यम्सबर्ग येथे ‘पाश्चर अँड गॉल्ट’ हे अठराव्या शतकातील औषधांचे दुकान पाहिले. औषधांबरोबर तेथे मसाले आणि दात घासायचे ब्रशही होते. हा गृहस्थ डॉक्टर होता की दुकानदार? आणि त्याला पैसे नेमके कशाचे मिळत? – एक वाचक, सांगली

उत्तर : तो दोन्ही होता. (यातील विल्यम पाश्चर यांची फ्रान्सच्या लुई पाश्चर यांच्याशी गल्लत करू नये, लुई पाश्चर १८२२ साली जन्मले.) विल्यम पाश्चर आणि जॉन मिन्सन गॉल्ट या दोघांनीही लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण घेतले होते आणि १७७५ ते १७७८ या काळात त्यांची भागीदारी होती. रोगी तपासणे, औषध सुचवणे, ते खलात घोटून देणे आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया करणे, ही सारी कामे एकाच छपराखाली चालत. इंग्लंडमध्ये फिजिशियन (औषध सुचवणारा वैद्य), सर्जन (शस्त्रक्रिया करणारा) आणि अपॉथेकरी (औषधे तयार करून विकणारा) असे तीन वेगळे वर्ग होते. व्हर्जिनिया ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती; तेथे माणसेच थोडी असल्यामुळे ही वाटणी टिकली नाही. मसाले, चहा, मेणबत्त्या, तंबाखू हा मालही अशा दुकानांत असे, कारण औषधे ज्या जहाजाने लंडनहून येत त्याच जहाजाने हाही माल येई.

तुमच्या प्रश्नाचे खरे मर्म पैशांत आहे. लंडनमध्ये १७०४ साली विल्यम रोझ नावाच्या अपॉथेकरीचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि अपॉथेकरीने रोगी तपासून औषध सुचवावे, हे मान्य झाले. मात्र पैसे घ्यायचे ते औषधाचेच, सल्ल्याचे नव्हेत. ज्याची मिळकत केवळ औषधावर अवलंबून आहे, त्याच्या हातून औषध जास्त दिले जाणार, हे उघड आहे. व्हर्जिनियातही तीच तक्रार होती. १७३६ साली तेथील विधिमंडळाने केलेल्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की, बिल फुगवण्यासाठी रोग्याच्या माथी गरजेपेक्षा जास्त औषधे मारली जातात. म्हणून गावात किंवा पाच मैलांच्या आत एका भेटीस, केवळ उमेदवारी करून शिकलेल्यास पाच शिलिंग आणि विद्यापीठाची पदवी असलेल्यास दहा शिलिंग, असे दर ठरले. शिवाय प्रत्येक औषधाचे परिमाण व किंमत बिलात लिहिणे बंधनकारक झाले. हा कायदा दोनच वर्षांपुरता होता आणि पुढे तो चालू ठेवला गेला नाही, याचे मला वाईट वाटते, कारण बिलात औषधाचे नाव आणि माप मागण्याचा रोग्याचा हक्क त्यात प्रथमच स्पष्ट शब्दांत लिहिला गेला होता.

रोकड मात्र क्वचितच हाती पडे. नाणी दुर्मीळ, आणि मळेवाल्यांचे सारे व्यवहार तंबाखूच्या पिकावर अवलंबून. त्यामुळे बहुतेक गिऱ्हाइकांची उधारी वहीत चढत राही. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जनरल कोर्टाच्या, म्हणजे वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयाच्या कामासाठी लोक विल्यम्सबर्गला जमत, तेव्हा जुनी देणी चुकती होत. तोवर लंडनच्या व्यापाऱ्याचे देणे अपॉथेकरीच्या डोक्यावर असे.

त्याच्या तराजूचे माप आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांतही होते : वीस ग्रेनचा एक स्क्रूपल, तीन स्क्रूपलचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस. माझ्या लहानपणी आमच्या गावचा कंपाउंडर मिक्स्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी डकवून डोस दाखवत असे आणि बाटली आपण घरून न्यायची असे. विल्यम्सबर्गच्या दुकानाची कल्पना करताना मला तोच लाकडी कठडा दिसतो.

प्रश्न : त्या औषधांनी गुण येत असे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काहींनी निश्चित येत असे. हिवतापावर पेरू देशातून येणाऱ्या सिंकोना झाडाच्या सालीची पूड वाइनमध्ये कालवून देत. याच सालीतून पुढे १८२० साली क्विनीन, म्हणजे आपल्या आजीच्या तोंडचे ‘कोयनेल’, वेगळे काढले गेले. छातीतल्या जळजळीवर खडू आणि वेदनेवर अफूचा अर्क हेही लागू पडत. कॅलोमेल या पाऱ्याच्या औषधाने मात्र हिरड्या सुजून तोंडातून लाळ गळू लागे आणि औषध लागू पडल्याची ती खूण समजली जाई.

प्रश्न : अशा वह्यांत गुलामांच्या औषधांच्या नोंदी आढळतात, असे वाचले. ते स्वतः औषध विकत घेत असत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही वाचलेल्या नोंदी बहुतेक मालकाच्या खात्यावरच्या असणार. तेथे गिऱ्हाईक एक आणि रोगी दुसरा. औषध द्यायचे की नाही आणि किती खर्च करायचा, हे मालक ठरवी, आणि रोग्याच्या नावाच्या जागी पुष्कळदा ‘मुलगा’ किंवा ‘बाई’ एवढेच लिहिलेले असे. या लोकांकडे स्वतःचे वनस्पतींचे ज्ञान होते आणि ते आपापल्या वस्तीत उपचारही करत. पण विषप्रयोगाच्या भीतीपोटी व्हर्जिनियाने १७४८ साली कायदा करून गुलामाने औषध तयार करणे किंवा देणे हा देहदंडाचा गुन्हा ठरवला. मालकाची संमती असेल तर हा कायदा लागू होत नसे, आणि संमती नसली तरी हेतू वाईट नव्हता व दुष्परिणामही झाला नाही असे दिसले, तर देहदंड टळू शके. म्हणजे आजारी लेकराला आईने पाला कुटून पाजायचा, तर त्यासाठीही आधी मालकाचा होकार हवा होता.