यूकेत क्लिनिकल सायंटिस्ट व्हायचंय? कोर्सचं नंतर बघा, आधी कागद गोळा करा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि मला माझं 2016 साल आठवलं. तुमचंही तेच, एमएस्सी बायोकेमिस्ट्री, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चार वर्षं, मिस्टरांना लेस्टरला जॉब, दीड महिन्यात निघायचं आणि प्रश्न काय, तर तिथे गेल्यावर कुठला कोर्स करू. अहो कोर्स कुठे पळून जात नाही, निघायच्या आधी युनिव्हर्सिटीत जा.

एचसीपीसीकडे, म्हणजे तिथल्या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी हवी हे माहीत असेलच. बाहेर शिकलेल्यांकडून ते नुसती डिग्री घेत नाहीत, कुठला विषय किती तास, प्रॅक्टिकल किती, प्रोजेक्ट कशावर, सगळं विचारतात. आपल्या मार्कशीटवर काय असतं, पेपर 3 आणि मार्क. मी तेवढंच घेऊन आले, सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत घेतलीच नाही, हीच माझी घोडचूक. इथून फोन केला की परीक्षा विभाग म्हणायचा कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणायचं जुना सिलॅबस युनिव्हर्सिटीतच मिळेल. शेवटी बाबा गेले, वय 68, गुडघ्याचा त्रास, तीन हेलपाटे आणि दर वेळी खिडकीवर एकच उत्तर, साहेब मीटिंगमध्ये आहेत. चौथ्यांदा एका शिपाईमामांनी कपाटावरचा सुतळीने बांधलेला गठ्ठा खाली काढला, त्यात माझ्या बॅचचा सिलॅबस निघाला. त्यावर सही मिळायला आणखी पाच आठवडे. एकूण अकरा महिने गेले हो, तेवढे दिवस मी बँड 3 वर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या खालच्या पगारश्रेणीवर, सॅम्पल रिसेप्शनला ट्यूब सेंट्रिफ्यूजला लावत होते. अजून आठवलं की संताप होतो, एका शिक्क्यासाठी म्हाताऱ्या माणसाला किती फिरवायचं!

लॅबचं लेटरही तसंच. 'चार वर्षं काम केले' एवढ्याने भागत नाही. कुठल्या टेस्ट स्वतः करायचात, क्यूसीचे, म्हणजे टेस्टचे निकाल बरोबर येतात का ते तपासायचे, लेव्ही-जेनिंग्ज चार्ट कोण बघायचं, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल) मर्यादेबाहेर गेला तर काय करायचात, हे सिनियरकडून लेटरहेडवर घ्या. आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट हातातल्या बॅगेत ठेवा.

आता एसटीपी, म्हणजे क्लिनिकल सायंटिस्ट घडवणारा सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम. तीन वर्षं पगारी ट्रेनिंग, मास्टर्स त्यातच, चांगलंच आहे, पण अर्ज वर्षातून एकदाच घेतात आणि जागांच्या मानाने अर्ज प्रचंड. माझं मत विचाराल तर फक्त त्याच्या भरवशावर बसू नका. मिळेल त्या पोस्टवर लॅबमध्ये शिरा, पुढे इक्विव्हॅलन्सचा पोर्टफोलिओ (आपलं शिक्षण-काम एसटीपीच्या तोडीचं आहे हे कागदांनी दाखवायचं) किंवा एसीएसचा, म्हणजे असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायंटिस्ट्सचा, रूट 2 आहे, या रूट 2 ला सहा वर्षांचा अनुभव लागतो. बायोमेडिकल सायंटिस्टची नोंदणी वेगळी बरं का, फॉर्म भरताना त्यात गल्लत नको. मी काही एजंट किंवा सल्लागार नाही, माझ्यावर जे गुदरलं ते सांगतेय, नियम बदलतात, एचसीपीसीची साइट स्वतः वाचा.

आणि शिक्का नीट उमटलाय का ते खिडकीसमोरच एकेक पान उलटून बघा. माझ्या दोन पानांवर अर्धाच उमटला होता, बाबांना त्यासाठी पाचव्यांदा जावं लागलं.