लघुग्रहांचं कुटुंब, समूह की कुल?

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. रमण विज्ञान केंद्राच्या सहलीनंतर मुलांनी भित्तिपत्रकावर इंग्रजी ‘asteroid family’साठी ‘लघुग्रहांचे कुटुंब’ असं लिहिलं. ते चालेल, की ‘समूह’ लिहावं?

माझी पसंती ‘कुल’ला. आंबा आणि काजू एका कुलातले, असं आपण वनस्पतिशास्त्रात म्हणतोच.

‘समूह’ मात्र नकोच. अपोलो समूहातले लघुग्रह पृथ्वीची कक्षा ओलांडतात, तेवढ्यावरून ते एकत्र मोजले जातात. मूळ कुणाचंही कुठलंही असो. जपानी खगोलशास्त्रज्ञ कियोत्सुगु हिरायामा यांनी 1918 साली मांडलं ते वेगळंच. काही लघुग्रहांच्या कक्षांचा आकार, लांबटपणा आणि कल इतके जुळत होते की योगायोग म्हणणं कठीण. कोरोनिस, इऑस आणि थेमिस ही कुलं त्यांनी तेव्हा ओळखली. एकेका कुलातले सारे एकाच फुटलेल्या पिंडाचे तुकडे.

‘कुटुंब’ चूक नाही, पण त्यात एकत्र नांदणं येतं. इथे तर टक्कर झाल्यापासून पांगापांगच. काही तुकडे आपसातल्या गुरुत्वाने पुन्हा गोळा होतात, पण पुढे ऊन त्यांना हलवतं. लघुग्रहाची तापलेली बाजू उष्णता बाहेर टाकते तेव्हा त्याला अगदी बारीक रेटा बसतो. हाच यार्कोव्स्की परिणाम. कक्षेच्याच दिशेने स्वतःभोवती फिरणारा हळूहळू बाहेर सरकतो, उलटा फिरणारा सूर्याकडे. लहान जास्त सरकतात, मोठे कमी. त्यामुळे किती आकाराचा तुकडा किती लांब गेला यावरून कुलाचं वय काढता येतं. अगदी कोवळ्या कुलाच्या कक्षा तर गणिताने थेट टक्करीच्या वेळेपर्यंत मागे नेता येतात. कोरोनिसची पोटशाखा कारिन अशीच हाती लागली, वय जेमतेम 58 लाख वर्षं! सरकता सरकता एखादा अशा जागी पोचतो, जिथे गुरूच्या एका फेरीत त्याच्या तीन होतात. तिथे कक्षा बिघडते आणि तो मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याबाहेर फेकला जातो, कधी पृथ्वीच्या वाटेवरही येतो.

घुसखोरही असतात बरं का. कक्षा जुळते, पण परावर्तित प्रकाशाचा रंग जुळत नाही. असे कुलातून वगळावे लागतात.

लिहिताना ‘कुल’च लिहा. ‘कूळ’ लिहिलंत तर एखादा पालक सातबाऱ्यातल्या कुळाचा विषय काढेल, आणि मग लघुग्रह राहतील बाजूला.