वणव्यापासून घर आणि माणूस किती लांब हवं?

सड्याच्या कडेला घर बांधताय, मागे गवताचं रान आहे, तर वणव्यापासून किती अंतर ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. आमचंही घर सड्यालगतच आहे. घराचं अंतर आणि माणसाचं अंतर एकच धरू नका.

अमेरिकेच्या वनखात्यातले जॅक कोहेन यांनी कॅनडात पेटत्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. १० मीटरवरच्या काही पेटल्या, ३० मीटरवरच्या नाहीत. तीही शेंड्यापर्यंत चढलेली आग होती. तेव्हा गवताच्या वणव्याच्या झळेनं तुमची चिऱ्याची भिंत पेटणार नाही. घरं जातात ती ठिणग्यांनी. वाऱ्यावर त्या शेकडो मीटर येतात आणि पन्हळीतल्या पाचोळ्यात, कौलांखाली, पडवीतल्या सरपणात पडतात. म्हणून भिंतीलगतचा दीड मीटर पट्टा पूर्ण मोकळा ठेवा, तिथे तुळशीखेरीज काही नको. पेंढ्याची उडवी निदान १० मीटर लांब रचा आणि तेवढ्या भागातलं गवत सुकायच्या आत कापा. पुढे ३० मीटरपर्यंत झाडं विरळ, खालच्या फांद्या छाटलेल्या. उताराच्या अंगाला हे अंतर वाढवा.

आता माणसाचं. आग विझवणाऱ्या जवानांसाठी ठोकताळा आहे: ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर. २ मीटर ज्वाळेला ८, १० मीटरला ४०. पण हा हिशेब सपाट जमिनीचा, वारा नसतानाचा आणि आगरोधक कपडे घातलेल्या माणसाचा. तुम्ही-आम्ही त्याहून खूप लांब राहायचं. चढावर तर तो धरूच नका. ज्वाळा उताराला चिकटून वर झुकते, पुढचं गवत आधीच तापवते. चढ १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात गवताळ उतारावर सापडलेले वीसहून अधिक ट्रेकर गेले. ते वाचून आजही पोटात कालवतं. वणवा खाली असेल तर वर पळू नका, घळीत शिरू नका. आडवं सरकत उघडा कातळ, नांगरलेलं शेत किंवा आधीच जळून विझलेलं रान गाठा.

गावात डहाळ्यांनी आग झोडपतात. ज्वाळा छातीच्या वर गेली की कृपा करून मागे फिरा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. धूर घराकडे वळला तर म्हातारी माणसं, मुलं आधी हलवा, आणि गुरांची दावी सोडायला विसरू नका.