स्ट्रोकनंतर हात किती बरा होईल हे आधी सांगता येतं का? ‘७० टक्के रिकव्हरी’ खरी आहे का?

वडिलांना स्ट्रोक होऊन आठवडा झालाय, उजवा हात अजून लुळाच आहे, डॉक्टर ‘आत्ताच काही सांगता येत नाही’ एवढंच म्हणतात आणि नेटवर तुम्ही वाचलंय की ७० टक्के रिकव्हरी होतेच, तर यातलं खरं काय असं तुम्ही विचारलंय. मी न्यूरो रिहॅबमधे फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरचे सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात. माझं सरळ उत्तर सांगतो. अंदाज बांधता येतो, आणि हाताच्या बाबतीत तर बराच चांगला बांधता येतो, पण ‘किती टक्के’ असा नाही. ‘सहा महिन्यांनी या हाताने ग्लास धरता येईल का’ असं नेमकं विचारलं तर त्याला काहीतरी धड उत्तर मिळतं.

आधी ते ७० टक्क्यांचं. २००८ मधे श्याम प्रभाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक पेपर आला. हाताच्या हालचाली तपासायची फ्यूगल-मायर नावाची टेस्ट असते, पूर्ण मार्क ६६. समजा सुरुवातीला पेशंटला २६ मिळाले, म्हणजे ४० गेले, तर साधारण तीन महिन्यांत त्या गेलेल्या ४० पैकी ७० टक्के म्हणजे २८ परत येतात आणि तो ५४ वर पोचतो, असा तो नियम. ऐकायला फार छान वाटतं आणि म्हणूनच तो सगळीकडे पसरला, पण ज्यांचा हात सुरुवातीला अगदीच गेलेला असतो त्यांतल्या बऱ्याच जणांना तो लागू पडत नाही हे त्याच पेपरमधे दिसत होतं आणि ते पसरवताना गळून गेलं. पुढे २०१९ मधे दोन वेगवेगळ्या टीम्सनी त्यातलं गणितच उघडं केलं. ‘किती गेलं’ आणि ‘किती परत आलं’ या दोन्ही आकड्यांत सुरुवातीचा मार्क दडलेलाच असतो, मग दोघांचं नातं घट्ट दिसणारच, अगदी शेवटचे मार्क मनाला येतील तसे टाकले तरी दिसेल. त्यात ६६ च्या वर कोणी जाऊ शकत नाही, त्यामुळे सौम्य पेशंट सगळे वर जाऊन एकाच जागी गोळा होतात. आणि ज्यांचा हात पूर्ण गेलाय त्यांच्यात दोन वेगळे गट निघतात, काही जण खूप सुधारतात आणि काही फारच थोडे, आणि या दोघांची सरासरी काढली तर ती कुणालाच लागू होत नाही. तुमच्या वडिलांसाठी त्या आकड्याचा उपयोग नाही, तो डोक्यातून काढून टाका.

आता ज्याचा उपयोग आहे ते. नेदरलँड्समधे नायलँड, क्वाकल वगैरे संशोधकांनी १८८ पेशंट पाहिले आणि २०१० मधे ते छापलं. स्ट्रोकनंतर ७२ तासांच्या आत फक्त दोन गोष्टी बघायच्या, खांद्यातून हात अंगापासून बाजूला थोडा तरी उचलतो का आणि मुठीतली बोटं थोडी तरी उघडतात का. दोन्ही थोडंफार जमत असेल तर सहा महिन्यांनी हातात काही ना काही कामाची पकड येण्याची शक्यता ९८ टक्के, दोन्ही जमत नसेल तर २५ टक्के. नवव्या दिवशीही काहीच नसेल तर ती १४ वर येते. हे वाचून घाबरू नका, १४ म्हणजे शून्य नाही, पण खोटा दिलासा देण्यात मला अर्थ वाटत नाही. बोटंच का बघायची, तर बोटं उघडायची आज्ञा मेंदूकडून मणक्यात उतरणाऱ्या एका मुख्य वाटेने जाते, आणि बोटं जराशी जरी उघडली तरी ती वाट थोडी शाबूत आहे हे कळतं.

पण मला स्वतःला याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बेडवर हात पूर्ण लुळा दिसतोय म्हणजे वाट तुटलीच असं नाही! ऑकलंडमधे कॅथी स्टिनियर यांच्या टीमने २०१७ मधे प्रेप-टू नावाची पद्धत मांडली. तिसऱ्या दिवसाच्या आसपास खांदा आणि बोटं यांना प्रत्येकी ० ते ५ मार्क द्यायचे, बेरीज ५ किंवा जास्त आली तर अंदाज चांगलाच असतो, पुढे मुख्यतः वय बघायचं. ५ पेक्षा कमी आली तर डोक्यावर चुंबकीय मशीनने एक झटका देतात (दुखत नाही, टक असा आवाज येतो) आणि हाताच्या स्नायूत सिग्नल पोचतोय का बघतात. पोचला, तर आज हात हलत नसला तरी तीन महिन्यांनी चांगला वापरता येईल असा अंदाज. नाही पोचला तर स्ट्रोक किती गंभीर आहे त्यावरून कमी किंवा फारच कमी. साधारण चारपैकी तीन जणांचा अंदाज बरोबर येतो, म्हणजे चौथ्याचा चुकतो, हे पण लक्षात असू द्या. नुसत्या नजरेने बघून असे दोन लुळे हात मलाही वेगळे ओळखता येत नाहीत, एवढी वर्षं काम करून सुद्धा. ते मशीन फार कमी ठिकाणी असतं, म्हणून तुमचे डॉक्टर ‘सांगता येत नाही’ म्हणतात तेव्हा ते टाळत असतीलच असं नाही.

अंदाजाचा फायदा काय, असंही कोणी विचारतं. याच टीमने थेरपिस्टना हा अंदाज आधीच कळवून बघितलं तर पेशंट साधारण आठवडाभर लवकर घरी गेले आणि हाताचा निकाल काही बिघडला नाही, कारण कुणावर हाताचा सराव घ्यायचा आणि कुणाला दुसऱ्या हाताने कपडे घालणं, जेवणं शिकवायचं हे पहिल्यापासून ठरलं. उलट बाजूही आहे, एकदा ‘होणार नाही’ असं फाइलवर लिहिलं की सगळ्यांचे प्रयत्न ढिले पडतात आणि मग खरंच होत नाही, म्हणून वाईट अंदाज सांगताना मी तरी पुन्हा तपासायची तारीख त्याच्यासोबत सांगतोच.

किती दिवस वाट बघायची? कोपनहेगनच्या ११९७ पेशंटच्या अभ्यासात (१९९५) रोजच्या कामांतली सुधारणा ९५ टक्के लोकांत साडेबारा आठवड्यांत जेवढी व्हायची तेवढी होऊन गेली होती, अगदी गंभीर असतील तर पाच महिन्यांपर्यंत. पण त्यानंतर दार बंद असा अर्थ कृपया काढू नका. लंडनमधल्या एका प्रोग्रॅममधे स्ट्रोक होऊन साधारण दीड वर्ष झालेल्या लोकांनी तीन आठवड्यांत ९० तास हाताची थेरपी घेतली आणि त्यांचे मार्क वाढले, सहा महिन्यांनी टिकलेही. तुलनेला दुसरा गट नव्हता ही त्यातली कमतरता, तरी मला ते आशादायक वाटतं.

आणि घाईही नको. अव्हर्ट नावाच्या २१०४ पेशंटच्या ट्रायलमधे पहिल्या २४ तासांत सुरू करून भरपूर उठवलं-चालवलं तर उलट चांगले निकाल ५० वरून ४६ टक्क्यांवर आले. कोणी ‘मेंदूची रिकव्हरी वाढवणारी गोळी’ सुचवली तर फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचं उदाहरण सांगा, ११८ पेशंटच्या छोट्या ट्रायलमधे (२०११) ती हाताला फार चांगली दिसली, मग ३१२७ पेशंटवर तपासली (२०१८) तर सहा महिन्यांनी रोजच्या जगण्यात काही फरक नाही, हाडं मोडायचं प्रमाण मात्र वाढलेलं.

तर उद्या राउंडच्या वेळी डॉक्टरांना किंवा फिजिओना विचारा की तिसऱ्या दिवशी खांदा आणि बोटं किती हलत होती ते लिहिलंय का, आज किती आहे, आणि परत कधी तपासणार. हे सगळं एका वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. आणि तोपर्यंत वडिलांना बसवताना-उठवताना तो हात धरून ओढू नका, लुळा खांदा सहज निसटतो आणि मग जे दुखणं लागतं त्याने व्यायामच थांबतो, बसलेले असताना हाताखाली उशी असू द्या.